दोन्हीकडे हजर

टेकाडवस्तीच्या शाळेत नेटवर्क हवं असेल तर पाण्याच्या टाकीला टेकवलेल्या लोखंडी शिडीची तिसरी पायरी चढावी लागे. दुसऱ्या पायरीवर फोनमध्ये एकच काडी दिसे, चौथीवर तीही गायब होई. तिसरीवर उभं राहून डावा खांदा जामखेडकडे केला की मात्र साऱ्या जगाशी संबंध जुळे. शामकांत निसळ गुरुजी रोज सकाळी दहा बेचाळीसला या तिसऱ्या पायरीवर असत. वय सत्तावन्न, गुडघे त्याहून थोरले, आणि खिशात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ असं छापलेलं ओळखपत्र.

हे ओळखपत्र त्यांना कसं मिळालं ते सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी नगरला एक प्रशिक्षण चालू असताना प्रोजेक्टर बंद पडला. सगळे एकमेकांकडे बघत बसले आणि गुरुजींनी उठून त्याची पिन भिंतीत नीट खोचली. एवढ्या पराक्रमावर केंद्रातल्या बारा शाळांनी त्यांना तंत्रज्ञ मानून टाकलं. तेव्हापासून कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाची माहिती भरता भरता उडाली, की गुरुजींना फोन. गुरुजी कुणाला नाही म्हणत नसत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर उशिराचा एक शेरा नव्हता, की एक कारणे दाखवा नोटीस नव्हती. वरून जे मागतील ते मुदतीच्या आत पाठवायचं, एवढं ते कसोशीनं पाळत. कशासाठी मागतात हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी सांगता येईल असा माणूस वर सापडला नसता.

शाळेला एक भला मोठा टीव्हीसुद्धा मिळाला होता. ज्या खोलीत तो लावला तिच्या दारावर ‘डिजिटल वर्ग’ अशी पाटी होती. विजेचा मीटर पहिल्याच वर्षी वादळात जळाला तो जळालाच. मग टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळात घातले. घड्याळ अगदी बिनचूक चाले, आणि डिजिटल वर्गाचा तेवढा उपयोग गुरुजी मोकळ्या मनानं मान्य करत.

तर या वर्षी जूनमध्ये ‘हजेरीमित्र’ आला. म्हणजे फोनमधलं नवं ॲप. आधी एकदा प्रत्येक मुलाचा चेहरा त्यात नोंदवायचा. मग रोज सकाळी फोन वर्गावरून फिरवला की ओळखीच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट उमटणार, खाली नाव येणार आणि हजेरी आपोआप लागणार. गुरुजींनी ठरवलं, चेहरे जरा निवांतपणे नोंदवू. पण जूनमध्ये पुस्तकवाटपाचे फोटो पाठवायचे होते, जुलैत झाडं लावल्याचे, ऑगस्टमध्ये तीच झाडं जगल्याचे, सप्टेंबरात मुलांनी हात धुतल्याचे. मुलांचे ओले हात सगळ्या कार्यालयांनी पाहिले. चेहरे तेवढे राहून गेले.

आणि मग दिवाळी झाली आणि वस्ती उठली. जामखेडच्या या कोरड्या अंगाला दिवाळी संपली की माणसं कोपरगावकडे ऊस तोडायला जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गाठोडी, शेळ्या आणि पोरं चढली. मागे राहिले म्हातारे आणि ज्यांना म्हाताऱ्यांजवळ ठेवता आलं अशी काही मुलं. पटावरच्या एकोणिसांपैकी बारा गेली, सात उरली.

दरवर्षी हे असंच चाले आणि दरवर्षी गुरुजी कागदी हजेरीपटावर त्या बाराही जणांची हजेरी मांडून ठेवत. पोरं मार्च-एप्रिलमध्ये परत येणारच होती, मग नावं काढा आणि पुन्हा घाला हा खटाटोप कशाला? तिकडे कोपरगावच्या शाळेतही ती बसत, तिथले मास्तरही त्यांची हजेरी लावत. मूल दोन्हीकडे हजर असे. जामखेडचा कागद कोपरगावच्या कागदाशी कधी बोलत नसे आणि त्यातून कुणाचं वाईट झालं नव्हतं. उलट पट टिकला, म्हणून शाळा टिकली.

यंदा मात्र दोन पत्रं लागोपाठ आली. एकात लिहिलं होतं की चेहऱ्यांची नोंदणी तीस नोव्हेंबरच्या आत पूर्ण करावी, सगळे चेहरे भरल्याशिवाय हजेरीचं पान उघडणार नाही. दुसऱ्यात, हजेरीची सरासरी दहाच्या खाली असलेल्या शाळा जूनपासून शेजारच्या शाळेत विलीन होतील. टेकाडवस्तीची शेजारची शाळा चार किलोमीटरवर होती, मध्ये ओढा. पहिली-दुसरीतली पोरं तेवढं चालणार नाहीत आणि पोरींना घरचे पाठवणार नाहीत, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. मे अखेर ते निवृत्त होणार होते. जाता जाता आपल्या हातून शाळेला कुलूप लागावं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका सविता मॅडम त्या वेळी तीन दिवस नगरला होत्या. हजेरीमित्र कसा वापरावा याचंच प्रशिक्षण होतं. तेव्हा अट्ठावीस नोव्हेंबरला, मुदतीला दोन दिवस उरले असताना, गुरुजींनी वस्तीत निरोप धाडला आणि बारा म्हातारी माणसं शाळेत गोळा केली.

“गुरुजी, मला कशाला बलिवलं?” रंगुबाई ढगे दारातच थांबून म्हणाली. “पोरगी तर न्हाई हितं.”

“या, इथं बसा. फोनकडे बघा.”

“फोटू काडायचाय व्हय? मंग थांबा, पदर नीट घिऊ द्या.”

फोनवर नाव होतं, कार्तिकी हनुमंत ढगे, इयत्ता चौथी, वय नऊ. मध्ये एक रिकामा गोल होता. त्या गोलात रंगुबाईचा सत्तरीतला, सुरकुत्यांनी भरलेला चेहरा बसला. फोननं क्षणभर विचार केला आणि अक्षरं उमटली, ‘चेहरा स्पष्ट आहे. धन्यवाद.’

“काय म्हनतंय?”

“चेहरा स्पष्ट आहे म्हणतंय.”

“बया! कुनाला तरी दिसला म्हनायचा,” रंगुबाई म्हणाली आणि खूश होऊन मागे जाऊन बसली.

गुरुजी तसे प्रामाणिक माणूस. त्यांनी कुणाच्याही जागी कुणालाही बसवलं नाही. ज्या मुलाची जी आजी, तीच त्याच्या नावावर. दोन भावंडं असतील तिथे एकाला आजी आणि एकाला आजोबा. नातं तरी खरं आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पुंजाराम आजोबांच्या वेळी फोननं ‘कृपया टोपी काढा’ असं बजावलं, तेव्हा म्हातारा मुंडाशाला हात लावून उसळला. “ल्हानपनी बोडकं आलो म्हनून मास्तरनं घरी धाडलं हुतं. आन् आता काडा म्हनतंय!” शेवटी काढलं. पांढऱ्या मिशांचे पुंजाराम दुसरीत दाखल झाले. सात वर्षांच्या मुलाला मिशा असू नयेत, हे हजेरीमित्राला कुणी सांगितलेलं नव्हतं. ज्यांनी तो बनवला त्यांनी म्हाताऱ्या माणसांचा विचारच केलेला नसावा.

सविता मॅडम प्रशिक्षणाहून परत आल्या आणि वर्गावरून फोन फिरवून त्यांनी पाहिलं. कार्तिकीच्या नावावर, हिरव्या चौकटीत, रंगुबाई तंबाखू मळत बसली होती.

“गुरुजी, हे काय आहे?”

“मे महिन्यापर्यंत निभावून न्यायचंय, मॅडम,” गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. “शाळा गेली तर ओढा ओलांडून किती पोरी जातील, तुम्हीच सांगा.”

सविता मॅडमना सांगायची गरज नव्हती. त्या याच वस्तीतल्या, याच शाळेत शिकलेल्या. आईबाप ऊसतोडीला गेले की तान्ह्या भावाला कडेवर घेऊन त्याही जात. तिकडच्या शाळेच्या खिडकीबाहेर उभं राहून त्यांनी दोन हंगाम आतला वर्ग पाहिला होता. म्हणून दरवर्षी दिवाळीआधी त्या जाणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतःच्या हातानं हमीपत्रक लिहून देत. हे मूल आमच्या शाळेत अमुक इयत्तेत आहे, स्थलांतराच्या काळात त्याला आपल्या वर्गात बसू द्यावं, असं त्यात असे. ते भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोरांच्या दप्तरात ठेवत. यंदाही बाराच्या बारा पत्रकं गेली होती. हजेरीमित्र ही एक गोष्ट आणि हमीपत्रक ही दुसरी, असं त्यांना वाटलं. त्या गप्प बसल्या, आणि ते पुढे त्यांना फार लागलं.

डिसेंबर मोठ्या मजेत गेला. हजेरी एकोणिसांची म्हटल्यावर खिचडीही एकोणिसांची शिजू लागली, आणि शिजलेली टाकायची कुणी? म्हातारे रोज साडेदहाला येत, फोनसमोर बसत, खिचडी खाऊन घरी जात. मग काहीजण घरी जाईनासे झाले. घरी तरी कोण होतं? रंगुबाईनं एक दिवस पहिलीतल्या पोराची पाटी ओढून घेतली आणि त्यावर एक वाकडी रेघ काढली. सविता मॅडमनी त्या रेघेचा ‘र’ करून दाखवला. आठ दिवसांत तिला रंगुबाईतला ‘र’ आणि ‘ग’ यायला लागला. हजेरीच्या वेळी कार्तिकीचं नाव घेतलं की ती ठसक्यात ‘हजर!’ म्हणून ओरडे आणि खरी सात पोरं खिदळत.

गुरुजी तिसऱ्या पायरीवरून हजेरी पाठवत आणि फोन म्हणे, ‘शाबास! आपल्या शाळेची आजची उपस्थिती शंभर टक्के.’ महिनाभर असं ऐकल्यावर गुरुजींनाही थोडंथोडं खरं वाटू लागलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात केंद्रप्रमुख राधाकृष्ण सरांचा फोन आला. ऊसतोडीच्या पट्ट्यात भर हंगामात शंभर टक्के हजेरी असलेली ही एकमेव शाळा. ‘स्थलांतरमुक्त शाळा’ म्हणून तिची निवड झाली होती आणि सव्वीस जानेवारीला तालुक्याला सत्कार होता. राधाकृष्ण सर डिसेंबरात स्वतः शाळेत येऊन म्हाताऱ्यांच्या पंक्तीला खिचडी खाऊन गेले होते. त्यांनी तेव्हा काही विचारलं नाही आणि आताही विचारलं नाही.

“निसळ, केंद्राचं नाव काढलंत,” ते एवढंच म्हणाले.

आता सविता मॅडमच्या एका उद्योगाविषयी. रोज संध्याकाळी त्या फोनवर एक धडा बोलून पाठवत. कधी गोष्ट, कधी पाढा, कधी चार गणितं. तो उसाच्या फडावर गेलेल्या बापांच्या फोनवर जाई, आणि पोरं आपलं उत्तर बोलून परत पाठवत. सकाळी मॅडम ती उत्तरं वर्गात ऐकवत. म्हातारे कान देऊन बसत. पोराच्या आवाजामागे कोयत्याचा खटखट आवाज आला, कुत्रं भुंकलं, की “ती आपली काळीच” म्हणून ओळख पटवत. या साधनाचं कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, त्याला मुदत नव्हती, त्याचा अहवाल कुठे जात नव्हता. म्हणूनच की काय, ते रोज चाले.

तेरा जानेवारीला, हजेरी पाठवून गुरुजी शिडीवरून उतरून वर्गात आले, तेव्हा मॅडमनी कार्तिकीचं उत्तर लावलं होतं.

“म्याडम, मी कार्तिकी. आज सातचा पाढा म्हनते. सात एके सात, सात दुने चवदा...” रंगुबाई हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलवत होती. साता पाचा पस्तीसपर्यंत येऊन आवाज थांबला. “फुडचा उद्या म्हनते. म्याडम, मला आता वर्गात बसवत न्हाईत. आदी बसवत हुते. आता नव्या वर्सापासून भाईरगावच्या पोरांचं पन तोंड फोनात घालायचं हाय. तर माझ्याभवती लाल चौकट येती. सर म्हनले, तू जामखेडात हजर हाईस. मी म्हनलं, न्हाई सर, मी हितं हाय. तर त्यांनी फोन दावला. त्यात मी खरंच हजर हुते. मंग म्याडम, मी तिकडं कोन हाय?”

रंगुबाईची डोलणारी मान थांबली. आवाज पुढे चालूच होता.

“लाल चौकट आली की सरांना वरून बोलनी बसत्यात. म्हनून मला वऱ्हांड्यात बसवत्यात, फोनात दिसू न्हाई म्हनून. आई म्हनती, भाईरच बसायचंय तर सोमवारपासून फडावर ये, उसाच्या वाढ्याच्या मोळ्या बांद. म्याडम, तुमचा कागद मी दाखवला. सर म्हनले, कागद चालत न्हाई आता.”

सविता मॅडमनी फोन बंद केला. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सोमवारला चार दिवस होते.

रंगुबाई जागेवरून उठली आणि गुरुजींसमोर येऊन उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं विचारत होती.

“म्हंजी गुरुजी, माझ्या तोंडामुळं पोरगी भाईर बसली?”

गुरुजींना लाज वाटली. एकतीस वर्षं त्यांनी सगळं असं सांभाळलं होतं की कुणापुढे मान खाली घालायची वेळ येऊ नये. आता एका अडाणी म्हातारीपुढे ती खाली गेली आणि वर होईना. “तुमच्या नाही, माझ्यामुळे,” ते म्हणाले.

कार्तिकीच्या बापाकडून, हनुमंतकडून, त्यांनी तिकडच्या शिक्षकांचा नंबर घेतला आणि पुन्हा शिडी चढले.

“सर, आमची कार्तिकी ढगे तुमच्याकडे आहे.”

“नाही सर, ती तुमच्याकडे आहे,” तिकडून एक तरुण, नम्र आवाज आला.

“अहो, ती तुमच्या वऱ्हांड्यात बसलीये.”

“ती मला दिसतेय, सर. पण आज दहा बेचाळीसला तुम्ही तिला हजर दाखवलंय. मी घेतली तर दुबार नोंद होते आणि ठपका माझ्यावर येतो. दोन वर्षं झालीत मला लागून. तुम्ही अनुभवी आहात, मी काय करावं तुम्हीच सांगा.”

हा माणूस दुष्ट नव्हता. मुदत पाळणारा, शेऱ्याला भिणारा, वरून आलेलं खरं मानणारा भला शिक्षक होता. म्हणजे ते स्वतःच होते, फक्त तीस वर्षांनी तरुण.

“मी तिला इकडून सोडली तर?”

“मग लगेच घेतो, सर. फोटो तेवढा जुळवून द्या. कारण तुमच्याकडून आलेला फोटो मी पाहिला, तो... जरा वयस्कर वाटतो.”

दुपारी राधाकृष्ण सरांना त्यांनी सगळं सांगितलं. सरांनी ते ऐकून घेतलं. मग अगदी मायेनं म्हणाले, “निसळ, ऐका माझं. तेरा दिवसांवर सत्कार आलाय. मेमध्ये तुम्ही सुटताय. पोरगी मार्चात घरी येईल. चौथीत हल्ली कुणी नापास होतं का?”

“नापास नाही होत, सर. वऱ्हांड्यात बसते.”

“बारा सोडलीत तर सात उरतात. शाळा गेली म्हणून समजा.”

“समजलोय, सर.”

हे म्हणायला सोपं होतं. फोन ठेवल्यावर गुरुजी डिजिटल वर्गात जाऊन एकटे बसले. ही शाळा वाचवायला त्यांनी खोटं केलं होतं, आणि शाळा म्हणजे काय वाचवलं, तर चार भिंती, बंद टीव्ही आणि शंभर टक्क्यांचा आकडा. जिच्यासाठी शाळा हवी ती पोरगी दीडशे-दोनशे किलोमीटरवर दुसऱ्याच शाळेच्या बाहेर बसली होती, आणि तिला बाहेर त्यांनीच बसवलं होतं. त्यांना स्वतःचा विलक्षण राग आला. मग त्यांनी फोन उघडला.

हजेरीमित्रात ‘विद्यार्थी सोडला’ असं एक बटण होतं. ते दाबलं की कारण निवडा म्हणे. कारणं चार होती. मृत्यू, विवाह, परदेशगमन, इतर. ‘स्थलांतर’ हे पाचवं कारण डिसेंबरपर्यंत होतं. नव्या आवृत्तीत ते काढलं होतं, कारण टेकाडवस्तीसारख्या शाळेची हजेरी पाहता या भागात स्थलांतर उरलं नसल्याचं वर दिसत होतं. ‘परदेशगमन’ निवडलं तर काही जोडावं लागत नव्हतं. गुरुजींचं बोट तिथे थोडा वेळ थांबलं. चौथीतल्या मुलीला कोपरगावऐवजी परदेशी पाठवून प्रकरण मिटलं असतं आणि कुणी विचारलंही नसतं. ‘इतर’ला मात्र लेखी खुलासा लागत होता.

त्यांनी कागद घेतला. गुरुजींचं अक्षर सुंदर होतं, आणि त्या दिवशी त्यांनी ते जरासुद्धा घाईत काढलं नाही.

‘सोबतच्या बारा विद्यार्थ्यांच्या नावे नोंदवलेले चेहरे त्यांचे नसून त्यांच्या आजी-आजोबांचे आहेत. हे मी जाणूनबुजून केले. मुले ऊसतोडीसाठी कोपरगाव तालुक्यात आहेत. त्यांना तेथील वर्गात बसू द्यावे.’

सविता मॅडमनी वाचलं आणि पेन उचललं. “मीही सही करते. मला माहीत होतं.”

“पेन खाली ठेवा,” गुरुजी म्हणाले. असा आवाज त्यांनी मॅडमशी कधी काढला नव्हता. “तुमची तीस वर्षं नोकरी व्हायचीय. जूनपासून पोरींना ओढ्यापलीकडे हाताला धरून न्यायला कुणीतरी लागेल. मी नसेन.”

मॅडमनी पेन ठेवलं. पदरानं डोळे पुसले आणि खुलाशाचा फोटो काढून दिला.

पाठवणं बारा वेळा होतं, एकेका नावाचं वेगळं. नेटवर्क त्या दिवशी नेमकं आजारी होतं. गुरुजी तिसऱ्या पायरीवर दीड तास उभे राहिले. खाली रंगुबाई दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती.

“कितवं झालं?” ती अधूनमधून विचारी.

“नववं.”

“आन् माझं?”

“तुमचं पहिलंच पाठवलं.”

शुक्रवारी सकाळी छप्पनपर्यंत पोचलेला सातचा पाढा आला, आणि शेवटी एक वाक्य. “म्याडम, मला आत घेतलं. सरांनी फोन धरला तर हिरवी आली. माझंच तोंड हाय म्हनत्यात.” रंगुबाईनं ते तीनदा लावायला लावलं.

पुढच्या मंगळवारी शाळेच्या नावानं दोन पाकिटं आली. एकात ‘स्थलांतरमुक्त शाळा’ असं सोनेरी अक्षरात छापलेलं प्रमाणपत्र होतं आणि निसळ गुरुजींच्या निष्ठेचा गौरव होता. दुसऱ्यात खोट्या नोंदी केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस होती, आणि शाळा जूनपासून विलीन होत असल्याची सूचना. दोन्हींवर तारीख एकच होती आणि खाली सहीही एकाच साहेबांची होती. गुरुजींनी आयुष्यातली पहिली नोटीस दोनदा वाचली, घडी घातली आणि मुदतीच्या आत उत्तर द्यायचं म्हणून वहीत तारीख टिपून ठेवली.

बुधवारी साडेदहाला म्हातारे नेहमीसारखे येऊन बसले. गुरुजी संकोचले.

“आता तुमचं काम संपलं,” ते म्हणाले. “उद्यापासून नाही आलात तरी चालेल.”

कुणी उठलं नाही. पुंजाराम आजोबांनी मुंडासं सारखं केलं. गुरुजींनी सवयीनं फोन वर्गावरून फिरवला. सात हिरव्या चौकटी आल्या, आणि बारा लाल. ‘अनोळखी चेहरा’, ‘अनोळखी चेहरा’. गुरुजींनी फोन खिशात टाकला आणि कपाटातून जुना कागदी हजेरीपट काढला. खरी सात पोरं झाली. मग सवयीचं नाव त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“कार्तिकी हनुमंत ढगे.”

दीड महिना या नावाला ठसक्यात ओ देणारी रंगुबाई जागची हलली नाही.

“ती कोपरगावात हजर हाय,” ती म्हणाली. “माझं नाव घ्या की.”

गुरुजींनी हजेरीपटाचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि त्यावर पट्टीनं रेघा मारल्या. “पूर्ण नाव सांगा.”

“नवऱ्याचं सांगू का बापाचं?”

“शाळेत बापाचं घालतात.”

रंगुबाईनं आठवायला वेळ घेतला. बापाच्या नावासकट आपलं नाव तिनं साठ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

“रंगू भिवा काळे.”

गुरुजींनी ते सावकाश, सुंदर अक्षरात लिहिलं. मग पोरांचं घेतात तसंच, मान वर न करता, मोठ्यानं वाचलं.

“हजर,” रंगुबाई म्हणाली, आणि या वेळी पोरं हसली नाहीत.